न बसणारा कपलर आणि नळीत कोंडलेले प्रेशर

रब्बीची काढणी आटोपली की आमच्या मराठवाड्यातल्या काळ्या रानांत उन्हाळी नांगरट सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत एक तक्रार शेतकऱ्यांच्या तोंडी सतत असते: पलटी नांगराचा, म्हणजे तेलाच्या दाबाने (हायड्रॉलिकने) उलटणाऱ्या नांगराचा, तेलाचा पाईप ट्रॅक्टरला बसत नाही. काल बसला होता, आज बसत नाही. कॉलर मागे ओढली, पाईप सगळ्या ताकदीने आत रेटला, तरी पाईपच्या टोकाचा जोड, म्हणजे मेल कपलर, थोडा आत जाऊन अडतो आणि हात सैल केला की परत बाहेर येतो. अशा वेळी बहुतेकांचा हात हातोडीकडे नाहीतर पान्ह्याकडे जातो. या दोन्ही गोष्टी करू नयेत आणि त्या करण्याची वेळच येऊ नये, यासाठी काय करता येते ते सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. माझे म्हणणे एवढेच आहे की ही अडचण पाईप जोडताना दिसत असली, तरी ती तयार होते पाईप सोडताना, त्यामुळे तिचा बंदोबस्तही सोडतानाच करायला हवा. आणि ते राहून गेलेच असेल, तर आत कोंडलेले प्रेशर कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखल्याशिवाय कपलरला हत्यार लावू नये.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागचे क्विक कपलर अर्धा इंची आणि आयएसओ ७२४१ या मानकातल्या ए मालिकेच्या मापाचे असतात, म्हणूनच एका कंपनीचा नांगर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला सहसा चालतो. ट्रॅक्टरवर फिमेल आणि औजाराच्या पाईपला मेल, अशी ही जोडी असते. मेलच्या तोंडात नीट पाहिले तर मधोमध एक गुळगुळीत लोखंडी टोक दिसते. ते पॉपेटचे, म्हणजे तेलाची वाट बंद करणाऱ्या आतल्या झडपेचे, टोक. पॉपेटच्या मागे स्प्रिंग असते आणि ती पॉपेटला बाहेरच्या दिशेने रेटून बैठकीवर घट्ट बसवून ठेवते, म्हणून पाईप सुटा असतानाही तेल गळत नाही. फिमेलच्या आतही असेच पॉपेट असते. मेल आत सारला की दोन्ही पॉपेट समोरासमोर भिडतात, एकमेकांना मागे ढकलतात आणि तेलाची वाट मोकळी होते. मग कॉलर पुढे सरकते आणि तिच्याखालच्या छर्ऱ्यांसारख्या गोळ्या मेलच्या खाचेत बसून जोड पक्का होतो.

नुसत्या स्प्रिंगचा विरोध हाताच्या जोराने सहज दबतो. पण पॉपेटमागे स्प्रिंगबरोबर दाबाखालचे तेलही असेल, तर ते तेल पॉपेटला बैठकीवर दाबून धरते. बैठकीचा व्यास दीड सेंटिमीटर धरला तर तिचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटर भरते. आत शंभर किलो प्रेशर असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोचा दाब असेल, तर ते पॉपेट मागे सारायला सुमारे पावणेदोनशे किलोचा जोर लागेल. माणूस वाकून, एका हाताने कॉलर धरून, दुसऱ्या हाताने एवढा जोर कुठून लावणार? आणि शंभर हा आकडा फुगवून सांगितलेला नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे कमाल प्रेशर साधारणपणे १५० ते २०० किलोच्या घरात असते, आणि लिव्हर ओढलेला असताना जॅक (तेलाच्या दाबाने औजार हलवणारा सिलिंडर) शेवटाला जाऊन टेकला तर पाईपमध्ये जवळजवळ तेवढे प्रेशर येते. त्याच अवस्थेत पाईप सुटला तर ते सगळे आत कोंडले जाते.

येथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोंडलेले प्रेशर दोन प्रकारचे असते आणि हाताला दोन्ही सारखीच लागतात. पहिल्या प्रकारात जॅकवर खरोखरचे ओझे असते. वर उचललेली डंपिंग ट्रॉली, हवेत धरलेला लोडरचा बकेट, अर्ध्यावर थांबलेली नांगराची पलटी, ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या प्रकारात ओझे काहीच नसते. औजार जमिनीवर निवांत पडलेले असते, पण बंद नळीतले तेल ताणलेले असते. एक तर सोडताना शिल्लक राहिलेल्या प्रेशरमुळे, नाहीतर उन्हाने.

या दोहोंतला फरक तेल किती निघते यावरून कळतो. तेल जवळजवळ दबत नाही, हे आपण ऐकलेले असते, पण थोडे दबतेच. १५० किलोचा दाब दिला तर त्याचे आकारमान सुमारे एक टक्का कमी होते. म्हणजे जॅक आणि पाईप मिळून दोन लिटर तेल असेल आणि त्यात १०० किलो प्रेशर कोंडलेले असेल, तर ते संपूर्ण उतरवायला तेरा-चौदा मिलिलिटर तेल बाहेर यावे लागते. रबरी पाईप थोडा फुगलेला असतो तो धरून आणखी थोडे. दोन-तीन चमचे तेल निघाले की प्रेशर शून्यावर येते आणि काम संपते. ओझ्याच्या प्रेशरचे असे नाही. तेथे चमचाभर तेल निघाल्याने काहीच उतरत नाही, कारण ओझे थोडे खाली सरकते आणि दाब तसाच ठेवते. ट्रॉलीची बॉडी चेसिसवर टेकेपर्यंत जॅकमधले सगळे तेल निघत राहते, आणि ते निघत असताना वरचे ओझे खाली येत असते. दुसऱ्या प्रकारात जे काम दोन मिनिटांचे आहे, तेच पहिल्या प्रकारात कोणाचा तरी जीव घेऊ शकते. म्हणून कपलर बसत नाही असे दिसले की आधी कपलरकडे पाहू नये, औजाराकडे पाहावे. जॅकवर काही टेकलेले आहे का, लटकलेले आहे का, अर्ध्यात आहे का, हे सर्व बाजूंनी फिरून बघावे आणि मगच पुढे जावे.

उन्हाने प्रेशर कसे चढते याचाही हिशेब समजून घेण्यासारखा आहे. हायड्रॉलिकचे तेल एक अंश सेल्सिअसने तापले की त्याचे आकारमान दहा हजारांत सुमारे सात भाग वाढते. वाढ अगदी क्षुल्लक वाटते, पण दोन्ही टोकांना पॉपेटने बंद असलेल्या नळीत या वाढीला जागाच नसते. भांडे पूर्णपणे ताठ असते, तर दर अंशाला सुमारे दहा किलो प्रेशर वाढले असते. प्रत्यक्षात पाईपचे रबर ताणते, जॅकचे लोखंडही थोडे प्रसरण पावते, तेलात थोडी हवा असते, म्हणून वाढ त्याहून बरीच कमी होते. तरीही मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात सावलीतले तापमान चाळिशीपार गेलेले असते आणि उन्हातल्या लोखंडावर हात ठेववत नाही. सकाळच्या गारव्यातून दुपारच्या त्या चटक्यापर्यंत तेल कितीतरी अंशांनी तापते. सगळी सूट दिली तरी पॉपेट हाताने न दबण्याइतके प्रेशर त्यातून सहज तयार होते.

यातून एक गोष्ट निघते, जी अनेकांच्या लक्षात आलेली असते पण तिचे कारण माहीत नसते. संध्याकाळी काम संपवून, तेल चांगले तापलेले असताना पाईप सोडला, तर रात्री तेल थंड होऊन आकसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाईप विनातक्रार बसतो. तोच पाईप भल्या पहाटे, तेल थंड असताना सोडून नांगर उघड्या रानात टाकला, तर दुपारी तो काही केल्या बसत नाही. नांगर तोच, कपलर तोच, माणूसही तोच. फरक फक्त सोडतानाच्या आणि जोडतानाच्या तापमानाचा असतो. त्यामुळे उन्हाने चढलेल्या प्रेशरवरचा पहिला उपाय कोणतेही हत्यार न वापरता करता येतो. जॅकवर आणि पाईपवर पाण्याने भिजवलेली पोती टाकावीत, वर पाणी मारत राहावे आणि अर्धा-पाऊण तास थांबावे, किंवा घाई नसेल तर जोडणी दुसऱ्या दिवशी सकाळी करावी. तेल थंड झाले की प्रेशर आपोआप उतरते. मात्र पाणी मारण्याआधी कपलरच्या तोंडावर टोपण घट्ट बसवलेले असावे, नाहीतर चिखल-पाणी तोंडात साचून जोडताना आत जाईल. आणि हा उपाय फक्त उन्हाच्या प्रेशरला लागू पडतो. ओझ्याच्या प्रेशरवर पाण्याचा काही परिणाम होत नाही, आणि सोडताना शिल्लक राहिलेले प्रेशर बरेच असेल तर ते थंडाव्याने कमी होईल, पण पुरते जाईलच असे नाही.

आता सोडण्याची पद्धत. पलटी नांगर असेल तर पलटी पूर्ण होऊन नांगर आपल्या स्टॉपवर बसलेला असावा. मध्येच थांबलेली पलटी म्हणजे जॅकवर ओझे. मग नांगर सपाट जागी खाली टेकवावा, त्याचा स्टँड लावावा आणि इंजिन बंद करावे. इंजिन बंद झाल्यावर, म्हणजे पंप थांबल्यावर, ज्या लिव्हरवर ते पाईप आहेत तो लिव्हर दोन्ही बाजूंना सावकाश, पूर्ण टोकापर्यंत चार-सहा वेळा हलवावा. लिव्हर एका बाजूला गेला की एका पाईपची वाट टाकीकडे उघडते, दुसऱ्या बाजूला गेला की दुसऱ्याची. म्हणून एकाच बाजूला हलवून भागत नाही. ज्या ट्रॅक्टरवर फ्लोट आहे तेथे लिव्हर फ्लोटला टाकावा, कारण त्या स्थितीत दोन्ही पाईप एकदम टाकीला जोडले जातात आणि दोन्हींतले प्रेशर निघून जाते. मोठ्या ट्रॅक्टरांवर व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक असतात. तेथे इंजिन बंद आणि चावी चालू अशी स्थिती लागू शकते, आणि याबाबत त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिले असेल तसेच करावे. एवढे झाल्यावर घाई न करता क्षणभर थांबावे आणि मग एकेक कपलर सरळ रेषेत ओढून सोडावा. वाकडा ओढला की आतली ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) कापली जाते.

डंपिंग ट्रॉलीला बहुधा एकच पाईप असतो, कारण तिचा जॅक फक्त उचलतो आणि खाली यायचे काम बॉडीच्या वजनाने होते. येथे बॉडी चेसिसवर पूर्ण टेकली आहे हे डोळ्यांनी पाहावे. नुसते लिव्हर खाली टाकले म्हणजे ट्रॉली बसली असे समजू नये, कारण मागचा फाळका अडकलेला असतो किंवा बॉडीखाली ढेकूळ आलेले असते आणि बॉडी चार बोटे वरच राहते. ती चार बोटे जॅकवर असतात. काही जुन्या ट्रॅक्टरांवर ट्रॉलीचा पाईप वेगळ्या व्हॉल्व्हवरून न येता लिफ्टच्याच तेलावरून घेतलेला असतो. तेथे लिफ्टचा लिव्हर पूर्ण खाली टाकून, ट्रॉली पूर्ण बसल्यावर, इंजिन बंद करून थोडे थांबले की पाईप मोकळा होतो.

सोडताना हे सगळे केले असेल तर जोडताना सहसा अडचण येत नाही. तरीही कपलर बसत नसेल, तर पहिली शंका ट्रॅक्टरकडच्या बाजूची घ्यावी, कारण ती दूर करणे सर्वांत सोपे आहे. प्रेशर औजाराच्याच पाईपमध्ये असते असे मुळीच नाही. इंजिन चालू असताना लिव्हरला चुकून धक्का लागला तरी ट्रॅक्टरच्या फिमेल कपलरमागे प्रेशर येऊन बसते. इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवला, मग जोडून पाहिले आणि कपलर बसला, तर प्रश्न मिटला. तरीही बसला नाही, तर प्रेशर पाईपच्या बाजूला आहे असे समजावे.

अशा वेळी वापरायला एक साधे अवजार मिळते, आणि ज्याच्याकडे हायड्रॉलिकचे औजार आहे त्याने ते घेऊनच ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन. ते फिमेल कपलरसारखेच असते, त्याला तीच कॉलर आणि तेच लॉक असते, फक्त आतल्या पॉपेटऐवजी मधोमध एक आटे असलेला दांडा असतो आणि मागे फिरवायला मूठ असते. ते मेल कपलरवर लॉक करायचे, बाजूच्या नळीचे तोंड बाटलीत सोडायचे आणि मूठ सावकाश फिरवायची. आट्यांचा दांडा हळूहळू पुढे येतो आणि पॉपेटच्या टोकाला टेकतो. आधी मूठ जड लागते. मग पॉपेट बैठकीवरून केसभर उठते, नळीतून तेलाची एक बारीक धार येते आणि पाहता पाहता तिचे थेंब होतात. थेंब थांबले की मूठ उलटी फिरवून अवजार काढायचे. बाटलीत पाहिले तर तळाला जेमतेम दोन-तीन चमचे तेल असते. कपलर लगेच हाताने बसतो. धार मात्र थेंबांवर न येता वाहतच राहिली, तर याचा अर्थ जॅकवर ओझे आहे आणि ते खाली येत आहे. त्याच क्षणी मूठ उलटी फिरवून पॉपेट बंद करावे आणि औजार पुन्हा तपासावे. हे अवजार तयार आणि प्रेशरला टिकणारे घ्यावे. जुन्या कपलरला नट वेल्ड करून घरगुती बनवू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने कॉलरचे आणि गोळ्यांचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते आणि प्रेशरखाली ते कपलरवरून सुटू शकते.

हातोडीबद्दल. मेल कपलर दगडावर किंवा जोखडाच्या पट्टीवर उभा धरून ठोकायचा, किंवा पॉपेटच्या टोकावर पेचकस धरून वरून हातोडी मारायची, ही गावोगाव चालणारी पद्धत आहे. ठोकल्यावर फुस्स आवाज होतो, तेल उडते, कपलर बसतो आणि काम झाले असे वाटते. पण ठोकलेल्या पॉपेटचे टोक बारकाईने पाहिले तर ते एका बाजूला चपटे झालेले असते आणि कडेला धातूची बारीक लव उठलेली असते. पॉपेटची दांडी किंचित वाकली तरी ते बैठकीवर सरळ बसत नाही, आणि तेथून तो कपलर थेंबथेंब गळू लागतो. गळणाऱ्या तेलावर काळ्या मातीचा चिकट थर बसतो, तो थर पुढच्या जोडणीत आत जातो आणि पॉपेट अडकायला लागते. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे आणि गिअरबॉक्सचे तेल एकच असते, म्हणजे कपलरमधून आत गेलेली माती पंपापासून गिअरपर्यंत सगळीकडे फिरते. एका कपलरची किंमत आणि पंपाच्या कामाची किंमत यांची तुलना ज्याची त्याने करावी.

पान्हा लावून पाईपचा नट सैल करणे हे त्याहून वाईट. कपलर बसत नसताना कपलर आणि पाईप यांच्यामधला नट थोडा ढिला करून प्रेशर काढतात, आणि तेल अंगावर उडू नये म्हणून त्यावर फडके धरतात. फडक्याने धार अडत नाही. कातडी भेदायला सात किलोच्या आसपासचे प्रेशरही पुरते असे सांगितले जाते, आणि येथे तर त्याच्या दहा-वीसपट असू शकते. आट्यांच्या फटीतून निघणारी धार सुईपेक्षा बारीक असते, ती डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि ती फडक्यातून, हातमोज्यातून बोटात शिरते. ओझे असलेल्या जॅकवर नट सैल केला तर संकट दुहेरी: एकीकडे धार, दुसरीकडे खाली येणारे ओझे. उचललेल्या ट्रॉलीखाली वाकून नट सैल करणाऱ्या माणसाला ट्रॉली खाली येत असल्याचे कळेपर्यंत निसटायला वेळ राहत नाही. ट्रॉलीखाली जावेच लागणार असेल, तर बॉडीला पक्का लोखंडी टेकू दिल्याशिवाय कोणीही जाऊ नये. हायड्रॉलिकला टेकू मानू नये.

तेल बोटात शिरण्याविषयी आणखी थोडे लिहितो, कारण त्याबाबतचे अज्ञान फार घातक आहे. अशी जखम दिसायला काहीच नसते. बोटाच्या पेरावर काटा टोचल्यासारखा एक ठिपका असतो, रक्त जेमतेम येते, दुखतही फारसे नाही, आणि माणूस बोट पुसून परत कामाला लागतो. काही तासांनी बोट सुजते, ताणते, ठणकू लागते. तोपर्यंत तेल स्नायूबंधांच्या आवरणाच्या आतून तळहाताकडे पसरलेले असू शकते, आणि त्या तेलाने आतल्या पेशी मरू लागलेल्या असतात. हे तेल शस्त्रक्रिया करून, बोट उघडून, साफ करावे लागते, आणि तेही काही तासांतच. ट्रॅक्टर कंपन्यांच्या पुस्तिकांतही हा इशारा स्पष्टपणे दिलेला असतो. उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. म्हणून ठिपका कितीही लहान असला तरी मलमपट्टीवर किंवा धनुर्वाताच्या इंजेक्शनवर समाधान मानू नये; जेथे हाताची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आहेत अशा मोठ्या रुग्णालयात लगेच जावे आणि डॉक्टरांना ‘हायड्रॉलिकचे तेल प्रेशरने बोटात शिरले आहे’ असे नेमक्या शब्दांत सांगावे. कोणते तेल होते आणि किती वाजता लागले, हेही सांगावे. डॉक्टरांनी ही जखम पूर्वी पाहिलेली असेलच असे नाही, आणि वरून दिसणाऱ्या ठिपक्यावरून तिचे गांभीर्य कळत नाही. याच कारणाने गळती शोधण्यासाठी पाईपवरून हात कधीही फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, धार असेल तर पुठ्ठा ओला होतो. पॉपेट अंगठ्याने दाबून पाहण्याची सवयही आजच सोडावी, आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

एक वेगळा प्रसंगही याच कोंडलेल्या प्रेशरमुळे येतो, आणि तो न बसणाऱ्या कपलरपेक्षा जास्त फसवा असतो. कधी कधी कपलर बसतो, कॉलर पुढे येते, सगळे ठीक दिसते, पण आत प्रेशर असलेल्या बाजूचे पॉपेट उघडलेलेच नसते. समोरचे पॉपेट एकटेच पूर्ण मागे गेलेले असते. अशा वेळी ट्रॅक्टरकडून तेल गेले की ते बंद पॉपेट तेलाच्या जोराने उघडते आणि ट्रॉली उचलली जाते, पण परत येताना तेच पॉपेट वाट बंद करते आणि ट्रॉली वरच राहते. दोन पाईपांच्या जॅकमध्ये यापेक्षा गंभीर गोष्ट घडते. समजा, जॅकचा व्यास ८० मिलिमीटर आणि रॉडचा ५० मिलिमीटर आहे. मागच्या बाजूने १८० किलो प्रेशर आले आणि रॉडकडच्या बाजूचा कपलर बंद राहिला, तर तेल कोंडलेल्या त्या बाजूचे क्षेत्रफळ कमी असल्याने तेथे प्रेशर १८० न राहता २९५ किलोपर्यंत चढते. पाईप कमी दर्जाचा किंवा उन्हाने तडकलेला असेल तर तो तेथे फुटतो. म्हणून जोडल्यावर पहिल्यांदा लिव्हर ओढताना इंजिन हळू ठेवावे, औजाराजवळ कोणी नसावे, आणि औजार दोन्ही दिशांना नीट हलते याची खात्री झाल्याशिवाय कामाला लागू नये. एका बाजूला हलून दुसऱ्या बाजूला अडत असेल तर लिव्हर जोराने धरून ठेवू नये. इंजिन बंद करून दोन्ही कपलर पुन्हा तपासावेत.

प्रेशर असतानाही जोडता येतील असे कपलर मिळतात. त्यांच्या मुख्य पॉपेटमध्येच आणखी एक इवलेसे पॉपेट असते. जोडताना आधी ते उघडते, थोडे तेल समोरच्या बाजूला सोडते, प्रेशर उतरते आणि मग मुख्य पॉपेट सहज उघडते. ते कोणत्या बाजूचे प्रेशर सोडते हे घेताना विचारून घ्यावे, कारण काही कपलर फक्त एकाच बाजूचे सोडतात. बाहेरच्या देशांत मोठ्या ट्रॅक्टरांवर लिव्हर असलेले कपलर असतात, तो लिव्हर उचलला की आतले प्रेशर टाकीकडे निघून जाते. आपल्याकडे साध्या कपलरचेच राज्य आहे, पण नवा नांगर किंवा लोडर घेताना मेल कपलर या प्रकारचा मागितला तर एकूण किमतीत फारसा फरक पडत नाही. लोडर आणि बेलरसारख्या काही यंत्रांवर प्रेशर साठवून ठेवणारा, नायट्रोजन वायूने भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर असतो. तेथे वर सांगितलेला दोन-तीन चमच्यांचा हिशेब लागू होत नाही, आणि ते काम पुस्तिकेनुसार किंवा कंपनीच्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

आमच्या भागात बरीचशी नांगरट भाड्याने होते. नांगर एकाचा, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, ड्रायव्हर तिसराच, आणि सोडणारा माणूस जोडताना हजर असेलच असे नाही. म्हणून आमच्या नांगरापुरता एक नियम ठरवला आहे. सोडणाऱ्याने पाईप सोडला की तो लगेच एकदा परत जोडून पाहायचा. हाताने सहज बसला, म्हणजे आत प्रेशर राहिलेले नाही. मग तो पुन्हा सोडायचा, तोंड स्वच्छ पुसून टोपण लावायचे आणि पाईप जमिनीवर न टाकता नांगरावरच्या हुकात अडकवायचा. सहज बसला नाही, तर ट्रॅक्टर अजून जागेवरच आहे, लिव्हर हाताशी आहे, तेव्हाच ते काढून टाकायचे. आणि नांगर उभा करायचा तो कडुलिंबाच्या सावलीत, जॅकची बाजू पूर्वेकडे करून, म्हणजे दुपारनंतरचे ऊन त्यावर येत नाही.